कॉटिंगहॅमला बिऱ्हाड मांडताना

हल विद्यापीठात प्रवेश मिळतो किंवा कॅसल हिल हॉस्पिटलात नोकरी लागते, आणि घरात सगळे नकाशावर वाकतात. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या पूर्व किनाऱ्याजवळ हल सापडतं, आणि त्याच्या वायव्येला चार-पाच मैलांवर कॉटिंगहॅम. मग प्रश्न पडतो, घर शहरात बघायचं की या गावात? आम्ही गावात बघितलं, नवऱ्याचं हॉस्पिटल जवळ म्हणून. आता इथे येणाऱ्या मराठी माणसांचे फोन येतात आणि प्रत्येकाला मी तेच सगळं सांगते. म्हणून एकदाच, क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी वेस समजून घ्या

गावाची वस्ती सुमारे सतरा हजार. इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं खेडं आमचंच, असं इथली माणसं अभिमानाने सांगतात. असा दावा इतरही काही गावं करतात, पण तो वाद तुम्ही काढू नका. आपल्याकडे एवढ्या वस्तीला तालुक्याचं गाव म्हणतील; इथे मात्र कारभार अजून पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा. हलची उपनगरं वेशीला जवळपास टेकली आहेत, तरी कॉटिंगहॅमला हलचं उपनगर म्हणू नये. इथल्या माणसाला ते मनापासून लागतं.

याची मुळं फार जुनी आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हल हे भरभराटीला आलेलं बंदर होतं, पण प्यायला गोडं पाणी नव्हतं. शहराने पश्चिमेकडच्या गावांजवळच्या झऱ्यांचं पाणी चर खणून न्यायचं ठरवलं. कॉटिंगहॅम आणि आसपासची माणसं चवताळून उठली, चर बुजवले, पाण्यात मेलेली जनावरंही टाकली. पाण्यावरून गावं कशी पेटतात हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. अलीकडची गोष्ट २०१४ ची. हलची हद्द वाढवण्याचा विषय निघाला तेव्हा ईस्ट रायडिंगच्या, म्हणजे हलभोवतालच्या जिल्ह्याच्या, कौन्सिलने सार्वमत घेतलं, आणि लोकांनी प्रचंड बहुमताने नकार दिला.

तुमच्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा: कॉटिंगहॅम हल सिटी कौन्सिलच्या हद्दीत येत नाही. ते ईस्ट रायडिंग ऑफ यॉर्कशायर कौन्सिलकडे आहे आणि त्याचं मुख्य कार्यालय बेव्हर्लीला आहे. कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर), कचरा, शाळाप्रवेश हे सगळं तिकडे. नवीन माणूस इंटरनेटवर हल कौन्सिलचा अर्ज उघडतो, भरून पाठवतो आणि दोन आठवडे वाट बघत बसतो. घराचा पिनकोड एचयू१६ ने सुरू होत असेल तर ईस्ट रायडिंगच्याच संकेतस्थळावर जा. घरात एकच प्रौढ राहत असेल तर कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते. घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो भरावा लागत नाही. दोन्ही गोष्टी आपणहून कळवाव्या लागतात.

घर बघताना

गावाचा कणा म्हणजे हॉलगेट. हा जुना मुख्य रस्ता. दुकानं, खाणावळी, चर्च सगळं त्याच्या कडेने किंवा दोन पावलांवर. हॉलगेट, किंग स्ट्रीट आणि मार्केट ग्रीनच्या जवळ घर मिळालं तर गाडी नसताना काही अडत नाही. स्टेशन गावाच्या पूर्वेला आहे. त्याच्या पलीकडे थ्वेट स्ट्रीटच्या बाजूला राहणाऱ्यांनी रेल्वेचं फाटक हिशोबात धरून निघावं. हॉस्पिटल दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला कॅसल रोडवर. रात्रपाळी करणाऱ्याने त्या बाजूचं घर बघावं. थंडीत पहाटे सहाला निघताना प्रत्येक मिनिट मोलाचं वाटतं.

घर भाड्याने घ्या की विकत, पुराचा नकाशा बघितल्याशिवाय सही करू नका. गावाच्या पश्चिमेला वोल्ड्स नावाच्या चुनखडीच्या टेकड्या आहेत. तिथलं पाणी उताराने गावाकडे येतं आणि पुढे सपाट जमिनीत त्याला लवकर वाट सापडत नाही. २५ जून २००७ ला एका दिवसाच्या पावसाने हल आणि आसपासच्या गावांत हजारो घरांत पाणी शिरलं. त्यानंतर पाणी अडवायला टेकडीच्या पायथ्याशी मोठे खड्डे आणि बांध झाले आहेत, तरी प्रत्येक गल्लीचा धोका वेगळा. सरकारी संकेतस्थळावर पिनकोड घातला की तो फुकट कळतो. शेजारच्या घरातल्या वयस्कर माणसालाही विचारा. २००७ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं हे ते हाताने दाखवतात.

भाड्याच्या घरासाठी पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत सहसा घेता येत नाही, आणि ती तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून तसा कागद तुम्हाला द्यावा लागतो. आमच्या पहिल्या घराच्या एजंटाने तो दिला नव्हता. दोनदा लेखी मागितल्यावर आला. तोंडी विचारून थांबलो असतो तर राहूनच गेला असता, म्हणून जे मागाल ते लेखी मागा. घर ताब्यात घेताना खिडक्यांचे कोपरे, न्हाणीघराचं छत, कपाटांच्या मागच्या भिंती, सगळ्याचे फोटो काढून एजंटाला त्याच दिवशी पाठवा. काळी बुरशी धरली असेल तर ती तुमच्या आधीची आहे हे नंतर सिद्ध करता येत नाही.

स्वयंपाकघराबद्दल एक. मोहरी-हिंगाची फोडणी पहिल्यांदा दिलीत की छतावरचा धुराचा अलार्म बहुतेक वाजेल. तो काढून ठेवू नका, त्यावर पिशवीही बांधू नका. फोडणीआधी खिडकी उघडा, दार लावून घ्या, पंखा चालू करा, आणि आच इथे थोडी कमीच ठेवा.

पहिल्या आठवड्यात दवाखाना

सामान लागायच्या आधी जीपीकडे, म्हणजे गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा. नोंदणीला पैसे पडत नाहीत, आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून कुणी नाकारू शकत नाही. असला तर दाखवा, काम लवकर होतं. आजारी पडल्यावर नोंदणीला गेलात तर त्या दिवशी डॉक्टर भेटतीलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅसल हिल हे मोठं हॉस्पिटल आहे. हृदयविकार आणि कर्करोगाच्या उपचारांसाठी लांबून माणसं येतात. पण तिथे अपघात आणि तातडीचा विभाग नाही. तो हलमध्ये, अॅनलबी रोडवरच्या हल रॉयल इन्फर्मरीत आहे. रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून जवळचं हॉस्पिटल म्हणत कॅसल हिलला गाडी नेऊ नका. ९९९ ला फोन करा. कुठे न्यायचं ते रुग्णवाहिकेवाले ठरवतात. जीवावरचं नसेल पण थांबवत नसेल तर १११. बेव्हर्लीच्या हॉस्पिटलात किरकोळ दुखापतीसाठी तातडीचा विभाग आहे, मात्र आधी १११ वर विचारून निघावं. हे नंबर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये भरून ठेवा. आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आले असतील तर त्यांचा प्रवास विमा कुठे आहे हेही त्यांना माहीत असू द्या.

घसा, कानदुखी, सायनस, लघवीचा संसर्ग अशा सात साध्या तक्रारींवर २०२४ पासून औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो. वयाच्या काही अटी आहेत, त्या तोच सांगतो. आपल्या माणसांना हे पटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे दुकानदार आणि डॉक्टर या दोन वेगळ्या पायऱ्या. इथला फार्मासिस्ट चांगला शिकलेला असतो, त्याला मोकळेपणाने विचारा.

फोन आणि इंटरनेट

हॉलगेटच्या आसपास फिरताना टेलिफोनची खोकी बघा. इंग्लंडमध्ये सगळीकडे ती लाल. हल, कॉटिंगहॅम, बेव्हर्ली या पट्ट्यात मात्र दुधावरच्या सायीच्या रंगाची. कारण १९०४ पासून हल शहराने स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज चालवलं आणि देशभरात बाकीचे टेलिफोन एका छत्राखाली गेले तरी हे वेगळंच राहिलं. आजची केकॉम ही कंपनी त्याच घराण्यातली. म्हणून लंडन-मँचेस्टरच्या मित्राने सांगितलेली ब्रॉडबँड कंपनी इथे जोडणी देईलच असं नाही. आधी पिनकोड घालून बघा, मग करार करा. गावातल्या घरगुती फोनचा कोड हलचाच, ०१४८२.

गुरुवारी हॉलगेटवर

गाव शिकायचं असेल तर गुरुवारी सकाळी मार्केट ग्रीनवर जा. आठवडी बाजार त्या दिवशी असतो. आकार लहान; आपल्या आठवडी बाजाराची गर्दी आणि ओरड इथे शोधू नका. पण शेजारीण तुम्हाला पहिल्यांदा ओळख देईल ती इथेच. जवळच वाचनालय आहे. पहिल्याच आठवड्यात त्याचं कार्ड काढा. फुकट मिळतं, उबदार असतं, आणि गावात काय चाललंय याच्या सूचना तिथे लावलेल्या असतात.

भूक लागली की फिश-अँड-चिप्सच्या दुकानात शिरा आणि पॅटी मागा. हल भागाबाहेर ही अशी सहज मिळत नाही. कुस्करलेला बटाटा, त्यात कांदा आणि सेज नावाचा पाला, वरून पिठाचं आवरण आणि तळण. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा बाहेर पाऊस होता. कागदात गुंडाळलेली गरम पॅटी, गोल पावात घालून. वरचं कुरकुरीत आवरण फुटलं, आत पिवळट पांढरा मऊ बटाटा, वाफ चष्म्यावर आली, आणि मला दादर स्टेशनबाहेरचा वडापाव आठवून डोळ्यांत पाणी आलं. मिरची नाही, लसूण नाही, कोथिंबीर नाही. तरी बटाटा, तळण, पाव आणि उभ्याने खाणं हे नातं खरं आहे. त्यावर चिप स्पाइस भुरभुरून घ्या. हे लालसर तिखटमीठही हलचंच, पेपरिकाची चव असलेलं. गोल पावाला इथे ब्रेडकेक म्हणतात. बन म्हणालात तरी चालतं, पण ब्रेडकेक म्हटल्यावर समोरचा माणूस हसून बघतो.

बोलीला घाबरू नका. इंग्रजी चांगलं असलेल्या माणसालाही पहिले पंधरा दिवस काही कळत नाही. ओकार इथे अर् होतो: फोनला फर्न, रोडला रर्ड, नोला नर. ‘नाऊ देन’ म्हणजे ‘काय, कसं काय’. उत्तरादाखल तेच म्हणायचं. ‘सायलिंग’ म्हणजे पाऊस कोसळतोय, ‘निदर्ड’ म्हणजे थंडीने काकडलेला, ‘मॅफ्टिंग’ म्हणजे उकाड्याने जीव नकोसा झालेला. लहान पोरं ‘बेन्स’. आणि घरांच्या मागच्या अरुंद बोळाला ‘टेनफूट’, कारण तो दहा फूट रुंद. कचऱ्याचे डबे टेनफूटला ठेवा असं घरमालक म्हणाला तर मागचं दार उघडून बघा. दुकानातली बाई तुम्हाला ‘लव्ह’ म्हणेल, ती सगळ्यांनाच म्हणते. आपल्याकडे भाजीवाली ‘ताई’ म्हणते तसं समजा.

वाणसामानासाठी हलमधल्या स्प्रिंग बँक रस्त्यावर देशोदेशीची दुकानं आहेत. डाळी, तांदूळ, मसाले मिळतात. ज्वारीचं पीठ, पोह्यांचे प्रकार हवे असतील तर लीड्स-ब्रॅडफर्डकडे जाणं झालं की भरून आणा. गोडा मसाला, कोकम, मेतकूट भारतातून आणायला हरकत नाही. मात्र तूप, पेढे, खव्याचे पदार्थ, श्रीखंड आणू नका. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात. आजीने हाताने कढवलेलं तूप असं जाताना बघवत नाही.

कचरा

तीन डबे. निळा पुनर्वापराच्या वस्तूंसाठी, तपकिरी अन्न आणि बागेच्या कचऱ्यासाठी, हिरवा बाकी सगळ्यासाठी. दुसऱ्या शहरातून आलेला माणूस इथे हमखास चुकतो, कारण तिकडे हिरव्याचा अर्थ वेगळा असू शकतो. चहाचा चोथा, भाजीची देठं, उरलेला भात तपकिरीत. कोणता डबा कोणत्या दिवशी हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर घराच्या पत्त्यानुसार दिसतं. ते छापून फ्रीजवर लावा. डबा आदल्या रात्री बाहेर काढा, कारण गाडी सकाळी लवकर येते.

मुलांची शाळा

सप्टेंबरमध्ये पहिलीच्या आधीच्या रिसेप्शन वर्गात चार वर्षं पूर्ण झालेली मुलं जातात. प्राथमिकच्या प्रवेशासाठी अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी, माध्यमिकसाठी आदल्या वर्षीची ३१ ऑक्टोबर. वर्षाच्या मध्येच आलात तर अर्ज वेगळा असतो. त्यासाठी शाळा आणि कौन्सिल दोघांशी बोला. गावात अनेक प्राथमिक शाळा आहेत आणि माध्यमिकसाठी कॉटिंगहॅम हायस्कूल. घर ठरवण्याआधी त्या पत्त्याची शाळा कोणती हे कौन्सिलला विचारा. एका गल्लीच्या फरकाने शाळा बदलते.

ये-जा

स्टेशन १८४६ चं आहे. हल ते स्कारबरो या मार्गावर ते लागतं. गाडी हलला सात-आठ मिनिटांत पोचवते, उलट दिशेला बेव्हर्लीलाही तेवढाच वेळ. लंडनच्या काही थेट गाड्याही इथे थांबतात. दिवसातून मोजक्याच, म्हणून वेळापत्रक बघून तिकीट काढा. बाकी वेळेला हलला बदला. विद्यापीठ हलच्या हद्दीत, कॉटिंगहॅम रोडवर आहे. बसने जाता येतं, पण बहुतेक विद्यार्थ्यांना सायकल बरी पडते. जमीन तळहातासारखी सपाट. समोरून वारा असेल तेव्हा मात्र दहा मिनिटं जास्त धरा. दिवे लावल्याशिवाय संध्याकाळी सायकल चालवू नका, तो इथे गुन्हा आहे.

भारतातला वाहन परवाना इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा इथल्या द्याव्या लागतात. तारखा मिळायला महिने लागतात, म्हणून सहाव्या महिन्यातच तयारीला लागा. चक्री चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, ही सवय सगळ्यात उशिरा अंगात मुरते.

पहिली थंडी

डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या आत मावळतो. सकाळी कामावर जाताना अंधार, परत येताना अंधार. पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला थंडीपेक्षा हे जड जातं, विशेषतः घरी एकटं राहणाऱ्याला. ऑक्टोबरपासून रोज दुपारी वीस मिनिटं बाहेर चालून या, ढग असले तरी. हिवाळ्यात रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावं असं एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सगळ्यांनाच सांगते. सावळ्या कांतीच्या माणसांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा. मी पहिल्या वर्षी घेतलं नाही आणि फेब्रुवारीत जिना चढताना गुडघे दुखायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं ते हेच.

पायी फिरायचं ते

सेंट मेरी चर्च आधी बघा. मधला उंच मनोरा गावात बहुतेक कुठूनही दिसतो, नवीन माणसाला दिशा कळायला फार उपयोगी. इमारत मुख्यतः चौदाव्या शतकातली.

हॉस्पिटलच्या आवारात एक जुना बुरूज उभा आहे, तो राजाच्या किल्ल्याचा नाही. हलचे सावकार-व्यापारी थॉमस थॉम्पसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या टेकाडावर किल्ल्यासारखा वाडा बांधला. १८६१ मध्ये वाडा जळाला, बुरूज उरला. याच थॉम्पसन यांच्या पुढाकाराने १८१९ च्या सुमारास गावातल्या गरीब कुटुंबांना नुसती भीक न घालता भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे देण्यात आले. मला हा माणूस त्या वाड्यापेक्षा या तुकड्यांसाठी आवडतो. इथली माती भाजीला चांगली, पूर्वी हलच्या बाजारात इथूनच माल जायचा. तुम्हाला मेथी-कोथिंबीर लावायला वाफा हवा असेल तर पॅरिश कौन्सिलकडे चौकशी करून यादीत नाव घाला.

एपलवर्थ रोडवरच्या दफनभूमीत कवी फिलिप लार्किन यांची साधी पांढरी शिळा आहे. तीस वर्षं ते हल विद्यापीठाचे ग्रंथपाल होते आणि १९८५ मध्ये गेले. शिळेवर नाव, दोन सालं आणि ‘लेखक’ हा एवढाच शब्द.

सुट्टीच्या दिवशी स्किडबीची पवनचक्की गाठा, शेतांमधून पायवाटेने. १८२१ ची आहे. किंवा रेल्वेगाडीने बेव्हर्लीला उतरून वेस्टवूडच्या मोकळ्या कुरणावर जा. उन्हाळ्यात तिथे गाईगुरं मोकळी चरतात, रस्त्यावर आडवी येतात, आणि मोटारी थांबून राहतात. लहान मुलांना घेऊन समुद्र बघायचा असेल तर त्याच गाडीने पुढे ब्रिडलिंग्टन. पाणी जुलैतही गार असतं, मुलांचा कोरड्या कपड्यांचा एक जोड जास्त घ्या. रविवारी गाड्या कमी असतात, म्हणून परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून निघा.